जपानी ठसाचित्रांतले रेल्वेचे इंजिन इतके चुकीचे का?

परळशेड

नमस्कार. माझी सारी नोकरी परळच्या रेल्वे कारखान्यात झाली आणि त्यातली पहिली काही वर्षे वाफेच्या इंजिनांवर गेली. त्यामुळे चित्रात इंजिन दिसले की आधी चाके मोजायची आणि मग चित्र पाहायचे, ही खोड मला कायमची जडली आहे. मध्यंतरी मुलीकडे तोक्योला गेलो असताना लाकडी ठशांवरून छापलेल्या जुन्या रंगीत चित्रांचे एक लहानसे प्रदर्शन पाहायला मिळाले. विषय होता जपानमध्ये आलेली आगगाडी, आणि बहुतेक चित्रे १८७० च्या दशकाच्या आरंभीची होती.

त्यांतल्या एका चित्रापुढे मी बराच वेळ उभा राहिलो. तीन कागद शेजारीशेजारी जोडून केलेले ते मोठे चित्र होते: समुद्रकाठ, पाण्यातला दगडी बांध, बांधावरून धावणारी गाडी आणि अलीकडे ती पाहायला जमलेली माणसे. लाटा, होड्यांची शिडे, बायकांच्या किमोनोवरची नक्षी, सारे इतके नेमके की भिंग घेऊन पाहावे. इंजिनाकडे वळलो तेव्हा मात्र हसू आवरेना. चाके बैलगाडीसारखी आणि सगळी एकाच मापाची. सिलिंडर कोठेच नाही, कनेक्टिंग रॉड नाही. मग ही चाके फिरवते कोण? बॉयलर एखादे पिंप आडवे ठेवावे तसा, त्याचा चाकांशी काही संबंध नाही. रुळांखाली स्लीपर नाहीत. गाडी पळते आहे आणि धूर तिच्याही पुढे पळतो आहे. यावर कडी म्हणजे मुलीने मथळ्यातली अक्षरे वाचून सांगितले की त्यात 'खरे दृश्य' असे शब्द आहेत.

ज्या चित्रकारांना पावसाची तिरपी रेघ आणि मासळीचे खवले इतके अचूक काढता येत होते, त्यांना समोर उभे असलेले इंजिन का काढता आले नाही? हे अज्ञान होते, घाई होती, की त्यांना यंत्राचे काही देणेघेणेच नव्हते? जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

तळटीप

परळशेड, तुम्ही दाखवलेल्या चुका खऱ्याच आहेत, पण प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: इंजिन चित्रकारासमोर उभे होते. पुष्कळदा ते समोर नव्हतेच. तोक्योतले शिंबाशी ते योकोहामा हा जपानचा पहिला, सुमारे २९ किलोमीटरचा लोहमार्ग १४ ऑक्टोबर १८७२ रोजी सम्राट मेइजी यांच्या उपस्थितीत रीतसर सुरू झाला. त्याआधी जूनमध्ये शिनागावा ते योकोहामा एवढ्या टप्प्यावर तात्पुरती वाहतूक सुरू झाली होती. बांधकाम मात्र १८७० पासून लोकांच्या डोळ्यांदेखत चालले होते, आणि गाडी येईपर्यंत थांबण्याइतका धीर प्रकाशकांना नव्हता. १८७१ सालची छापील तारीख असलेल्या चित्रांत गाडी भरधाव धावताना दिसते, ती या कारणाने.

या धंद्यात चित्रकार मालक नसे, हेही लक्षात घ्यावे लागेल. भांडवल घालणारा, विषय ठरवणारा, चित्रकार, कोरणारा आणि छापणारा या तिघांना कामाला जुंपणारा माणूस म्हणजे प्रकाशक. चित्र वाडगाभर शेवयांच्या किमतीत विकले जाई, त्यामुळे नफा खपावर आणि खप ताजेपणावर अवलंबून असे. ज्याचे चित्र आधी दुकानात टांगले जाईल त्याची विक्री. शेजारच्या दुकानात महिन्याभराने अचूक इंजिन आले तर त्याचे कौतुक करायला गिऱ्हाईक उरलेले नसे.

न पाहिलेले यंत्र काढण्याची सवय त्याच्या कितीतरी आधीपासूनची होती. १८५३ च्या जुलैमध्ये अमेरिकी नौदलाचा कमोडोर पेरी चार जहाजे घेऊन तोक्यो उपसागराच्या तोंडाशी, उरागाला आला. त्यांपैकी दोनच वाफेवर चालणारी होती, तरी डांबर फासलेल्या त्या साऱ्या ताफ्याला 'काळी जहाजे' हे एकच नाव पडले आणि ते जपानी भाषेत कायम राहिले. ती जहाजे दाखवणारी एकरंगी पत्रके विनापरवाना, छापणाऱ्याच्या नावाशिवाय विकली गेली. पुढच्या वर्षी पेरी परतला तेव्हा भेटवस्तूंमध्ये तारायंत्र होते आणि खऱ्याच्या एक चतुर्थांश मापाचे वाफेचे इंजिन, डबा व गोलाकार रूळ होते. डबा इतका लहान की आत बसणे अशक्य. एक जपानी अधिकारी हट्टाने त्याच्या टपावर बसला आणि झगा वाऱ्यावर फडफडत असताना फेऱ्या मारत राहिला, असे पेरीच्या मोहिमेच्या वृत्तांतात नमूद आहे. पुढची कित्येक वर्षे एदोच्या, म्हणजे तेव्हाच्या तोक्योच्या, सामान्य माणसाला आगगाडीची ओळख होती ती एवढ्यावर आणि ऐकीव गोष्टींवर.

योकोहामा बंदर १८५९ मध्ये परदेशी व्यापाराला खुले झाले आणि १८६० व १८६१ या दोन वर्षांत परदेशी माणसे, त्यांची घरे, जहाजे, जेवणाची टेबले, शिवणयंत्रे यांच्या चित्रांचा पूर आला. या चित्रांना 'योकोहामा-ए' म्हणतात. ती काढणाऱ्यांतला सादाहिदे स्वतः बंदरावर हिंडून, पाहून काढणारा होता. परदेशी जहाजांत माल चढवतानाचे त्याचे १८६१ चे पाच कागदांचे चित्र मिळाल्यास अवश्य पाहा; दोरखंड, शिड्या आणि डोलकाठ्या पाहून जहाजावर काम केलेला माणूसही मान डोलावेल. उलट त्याच वर्षी योशिकाझु या चित्रकाराने अमेरिकेतल्या आगगाडीचे चित्र काढले, तेव्हा जपानमध्ये प्रवासी गाडी यायला अकरा वर्षे अवकाश होता. अशा चित्रकारांच्या हाती असत ती परदेशी सचित्र साप्ताहिके, बारीक काळ्या रेघांनी भरलेली. त्या चित्रातली कोणती रेघ म्हणजे सावली आणि कोणती म्हणजे लोखंडी दांडा, हे यंत्र एकदा चालताना पाहिल्याशिवाय उमगत नाही. नक्कल करणाऱ्याने मग काही रेघा गाळल्या, आणि तुमचा कनेक्टिंग रॉड बहुधा तेथेच गळाला.

'खरे दृश्य' या शब्दांबद्दल. जपानीत तो शब्द 'शिंकेई'. निसर्गचित्रांच्या मथळ्यात तो पूर्वीपासून येतो आणि त्याचा रोख 'ही जागा काल्पनिक नाही, खरी आहे' असा असतो. प्रकाशकाने त्याचा जाहिरातीसारखा उपयोग केला हे उघड आहे, पण जागेपुरता तो दावा खोटा नव्हता. तुम्ही वर्णन केलेला समुद्रातला बांध बहुतेक ताकानावाचा असणार. तेथील किनाऱ्यावरची जमीन लष्करी खाते मोजणीलाही देईना, तेव्हा सरकारातले ओकुमा शिगेनोबु यांनी सुमारे २.७ किलोमीटर मार्ग सरळ उथळ समुद्रात भराव घालून नेण्याचा निर्णय घेतला आणि कोळ्यांच्या होड्या आतबाहेर करू शकतील अशा मोकळ्या वाटा त्यात ठेवल्या. पुढे समुद्र मागे हटवून शहर वाढले आणि तो बांध जमिनीखाली गडप झाला. २०१९ मध्ये ताकानावा परिसरातल्या पुनर्बांधणीच्या कामात तो पुन्हा उघडा पडला, तेव्हा उतरत्या दगडी भिंती आणि होड्यांसाठी ठेवलेल्या वाटेवरच्या पुलाचे दगडी खांब अभ्यासकांनी या चित्रांशी ताडून पाहिले, आणि ते जुळले. दगड चित्रकाराच्या डोळ्यांसमोर रोज रचला जात होता. इंजिन अजून बोटीतून यायचे होते.

ठसेवाली

मी कलाशाळेत मुद्राचित्रण शिकवते, त्यामुळे फळी आणि पटाशीच्या बाजूने थोडे लिहिते.

चित्रकार पातळ कागदावर काळ्या रेषांत चित्र काढून देई. तो कागद जंगली चेरीच्या फळीवर उलटा चिकटवायचा आणि त्याच्यासकट लाकूड कोरायचे. म्हणजे मूळ चित्र त्यात नष्टच होते. पुढे प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी. सगळ्या फळ्यांवर कोपऱ्यात कागद टेकवायची खूण कोरलेली असते, तिला 'केंतो' म्हणतात, आणि रंग एकमेकांवर नेमके बसतात ते तिच्या जोरावर. छापताना दाब यंत्राचा नसतो. बांबूच्या पानाने मढवलेली 'बारेन' नावाची चकती कागदाच्या पाठीवर हाताने घासायची. या साखळीत यंत्र न पाहिलेला एक चित्रकार नसून यंत्र न पाहिलेले तीन कारागीर आहेत. कोरणाऱ्याच्या हाताला केसांची बट आणि लाटेचा फेस पिढ्यान्‌पिढ्या पाठ होता. बाईच्या कपाळावरचे केस तो मिलिमीटरमध्ये कित्येक रेषा बसवून कोरी, त्यामुळे कौशल्य कमी पडले असे म्हणता येणार नाही. पण पिस्टनचा दांडा कोणत्या टोकाला जाड आणि कोणत्या टोकाला बारीक, हे त्याच्या हाताला कोणी शिकवलेले नव्हते, आणि संशय आला की हात ओळखीच्या आकाराकडे वळतो. बैलगाडीचे चाक ओळखीचे होते.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पाश्चात्त्य तंत्र या चित्रांत विषय म्हणून आले त्याच्या कितीतरी आधी ते साहित्य म्हणून येऊन बसले होते. एका बिंदूकडे निमुळती होत जाणारी यथार्थदर्शनाची रीत १७४० च्या सुमारास ओकुमुरा मासानोबु याने नाट्यगृहांच्या चित्रांत वापरली. सरळ दूर जाणारे रूळ काढताना चित्रकारांना कोणतीही अडचण आली नाही, कारण ती युक्ती शंभर वर्षे जुनी झालेली होती. निळ्या रंगाचेही तसेच. होकुसाईच्या जगप्रसिद्ध लाटेतला, १८३० नंतरच्या निसर्गचित्रांत सर्वत्र दिसणारा खोल निळा हा युरोपातून आलेला कृत्रिम रंग. बर्लिनमध्ये तो अठराव्या शतकाच्या आरंभी तयार झाला आणि जपानी छापखान्यांत त्याला 'बेरो' म्हणजे बर्लिनचा निळा असेच नाव पडले. ज्या चित्राला जग अस्सल जपानी मानते त्यातली लाट जर्मन रसायनाची आहे.

तुम्ही पाहिलेल्या चित्रांत भडक लाल आणि जांभळा असणार. या रंगांना सरसकट 'ॲनिलिन', म्हणजे कोळशाच्या डांबरापासून केलेले कारखानी रंग, म्हणून नाके मुरडण्याची पद्धत आहे, तेथे थोडे थांबायला हवे. डांबरापासून काढलेला जांभळा रंग १८६४ सालच्या चित्रातही सापडला आहे, हे खरे. लाल मात्र सरसकट तसा नाही. अलीकडच्या रासायनिक तपासण्यांत १८७० च्या आसपासच्या बऱ्याच लाल छटा कोचिनील किड्यापासून केलेल्या, आयात झालेल्या कार्माइनच्या निघाल्या. इओसिन हा खरा कारखानी लाल १८७७ च्या सुमारास दिसू लागतो. तेव्हा पहिल्या आगगाडीच्या आभाळातला लाल रंग बहुधा किड्याचा आहे, कोळशाचा नव्हे. माझ्या मते तो भडकपणा कुरूपही नाही. नवे शहर पाहून आलेल्या माणसाचे डोळे तसेच दिपलेले असतात.

कोराकागद

वरची दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, तरी मला त्यांत एक सूर खटकला: चूक का झाली, हे सांगण्याचा. गिऱ्हाइकाला इंजिन कसे चालते हे समजून घ्यायचे नव्हते. त्याला शहरात काय काय आले आहे ते पाहायचे होते, गावी परतताना न्यायचे होते, शेजाऱ्याला दाखवायचे होते. म्हणून या चित्रांत गाडीइतकेच महत्त्व गाडी पाहणाऱ्या माणसांना असते. १८७२ च्या आगीनंतर आयरिश अभियंता वॉटर्स याच्या आराखड्यावरून तोक्योतल्या गिंझात विटांची इमारत-रांग उभी राहिली, तेथे १८७४ मध्ये वायूचे दिवे लागले, आणि तिसऱ्या हिरोशिगेसारख्यांनी या रस्त्याची चित्रे पुन्हापुन्हा काढली. त्यांत घोडागाडी, छत्री, बोलर टोपी, किमोनोखाली बूट, तारायंत्राचे खांब, जे जे नवे ते सारे एकाच रस्त्यावर कोंबलेले असते. त्या चित्रांकडे छायाचित्र म्हणून न पाहता यादी म्हणून पाहिले तर त्यांतली एकही गोष्ट चुकलेली नाही.

योशिफुजी या चित्रकाराचे १८७३ चे एक विनोदी चित्र या बाबतीत बोलके आहे. त्यात देशी आणि विलायती वस्तूंना माणसांची धडे दिली आहेत आणि डोक्याच्या जागी वस्तू ठेवून त्यांची झोंबाझोंबी लावली आहे. त्या काळाची सारी घालमेल एवढ्याशा कागदावर आहे, आणि चित्रकार कोणाच्या बाजूने आहे ते कळत नाही. मला ते एखाद्या गंभीर तीन-कागदी चित्रापेक्षा जास्त प्रामाणिक वाटते.

याच संदर्भात रिक्षा. १८७० मध्ये तोक्योत परवाना मिळालेली 'जिन्‌रिकिशा', म्हणजे माणूस, शक्ती आणि वाहन या तीन अक्षरांची गाडी, या काळातल्या जवळजवळ प्रत्येक रस्त्याच्या चित्रात आहे. आपण तिचे पुढचे अर्धे नाव गाळून 'रिक्षा' केले. माथेरानची हातरिक्षा ही तिची सख्खी नात. ती पाश्चात्त्य यंत्र मुळीच नव्हती, तरी लोकांनी तिला आगगाडीच्याच रांगेत, नवेपणाची खूण म्हणून बसवले. 'पाश्चात्त्य तंत्रज्ञानाचे आगमन' ही आपण आज मारलेली चिठ्ठी आहे. त्या माणसांच्या लेखी जे झाले त्याला 'काइका' म्हणजे उघडून बदलणे, सुधारणे असे नाव होते, आणि त्यात देशी काय, विलायती काय, अशी काटेकोर वाटणी नेहमीच होत नसे.

पुढे तर यंत्र पाहण्यापेक्षा त्याचा तमाशा पाहणे हाच विषय झाला. १८९० च्या अखेरीस पर्सिव्हल स्पेन्सर हा इंग्रज बलूनमधून वर जाऊन पॅराशूटने उतरला (हाच गृहस्थ त्याच्या आदल्या वर्षी कलकत्त्यातही उडाला होता), आणि दोनेक महिन्यांत पाचवा ओनोए किकुगोरो या काबुकी नटाने रंगमंचावर त्याचे सोंग आणले. चित्रे खपली ती स्पेन्सरच्या वेशातल्या नटाची. त्याच वर्षी असाकुसात बारा मजली र्‍योउनकाकु मनोरा उघडला, त्यात जपानमधली पहिली विजेवर चालणारी लिफ्ट होती. लिफ्ट काही महिन्यांतच सुरक्षिततेच्या कारणाने बंद झाली. मनोऱ्याची चित्रे मात्र निघत राहिली.

परळशेड

सर्वांचे मनापासून आभार. 'इंजिन अजून बोटीतून यायचे होते' हे वाचून माझ्या हसण्याची मला थोडी लाज वाटली.

एक माहिती माझ्याकडून. शिंबाशी मार्गासाठी आणलेली पहिली दहा इंजिने ब्रिटनमधली होती आणि सगळी आमच्या भाषेत २-४-० टँक प्रकारची, म्हणजे पुढे एक लहान चाकांची जोडी, मागे दोन मोठ्या जोड्या, आणि पाण्याच्या टाक्या इंजिनाच्याच अंगावर. मागे कोळसा-पाण्याचा वेगळा डबा, म्हणजे टेंडर, नाही. त्यांतले पहिल्या क्रमांकाचे इंजिन १८७१ मध्ये लँकेशायरच्या व्हल्कन फाउंड्रीत बनले. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या गाडीची इंजिनेही त्याच व्हल्कनची आणि २-४-० चीच. पेरीची जहाजे उरागाला दिसली ती आपली गाडी सुटल्यानंतर तीन महिन्यांच्या आत. बॉइल नावाचे अभियंते भारतातल्या रेल्वेवर काम करून १८७२ मध्ये जपानचे मुख्य रेल्वे अभियंते झाले, हेही मला तेथेच कळले. आपल्या पहिल्या गाडीची अशी चार पैशांची रंगीत चित्रे मात्र मुंबईत निघाली नाहीत, कारण तेव्हा आपल्याकडे ती छापून विकणारा बाजारच नव्हता. पुण्याची चित्रशाळा १८७८ ची, आणि तिच्या शिळाछापावर देव आणि इतिहासपुरुष आले.

तर आता उलट प्रश्न. गाडी आल्यानंतर, रोज डोळ्यांसमोरून जाऊ लागल्यानंतर, कोणी ती नीट पाहून काढली का?

सायंप्रकाश

काढली, आणि या प्रश्नाला एकच नाव पुरेसे आहे: कोबायाशी कियोचिका. जन्म १८४७. घराणे शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याच्या, चाकरीतले, धान्यकोठारावरचे कनिष्ठ अधिकारी. १८६८ मध्ये सत्ता गेली तशी नोकरी गेली. धन्यापाठोपाठ तो शिझुओकाला गेला आणि १८७४ मध्ये तोक्योला परतला. हरलेल्या पक्षाचा माणूस ओळख हरवलेल्या आपल्या शहरात परत आला होता, हे त्याची चित्रे पाहताना माझ्या डोक्यातून जात नाही. १८७६ ते १८८१ या काळात त्याने तोक्योची ९३ चित्रे केली. प्रकाशाची चित्रे असे त्यांचे वर्णन केले जाते.

वर उल्लेख झालेल्या चित्रांत सगळे एकदम, भर दुपारी आणि सावलीशिवाय दिसते. कियोचिका संध्याकाळ निवडतो, पाऊस निवडतो, बर्फ निवडतो. काइउनबाशी पुलाजवळची पहिली राष्ट्रीय बँक ही त्या काळाची सर्वांत मिरवलेली इमारत. निम्मी विलायती, निम्मी जपानी किल्ल्यासारखी. इतरांनी ती पताका लावल्यासारखी रंगवली. त्याच्या चित्रात ती बर्फात गप्प उभी आहे आणि पुढे छत्री धरलेली एक बाई आपल्याकडे पाठ करून चालली आहे. १८८१ च्या शिंबाशी स्थानकाच्या चित्रात तर गाडी मुळी नाहीच. पावसाळी रात्र, उजळलेल्या खिडक्या, छत्र्यांची गर्दी, आणि ओल्या जमिनीवर सांडलेला कंदिलांचा उजेड. स्थानकावर रात्री उतरलेल्या कोणालाही ते ओळखू येईल.

तंत्राच्या अंगाने त्याने काय केले ते ठसेवाली अधिक चांगले सांगतील, पण ढोबळपणे असे: काळ्या बाह्यरेषेचे जोखड त्याने सैल केले. वस्तूची कड रेघेने न सांगता उजेड आणि अंधार जेथे भेटतात तेथे ती आपोआप उमटू दिली, आणि तांब्याच्या पत्र्यावरच्या कोरीव चित्रांत असतात तशा बारीक रेघांचे जाळे लाकडातून काढले. दिवे आणि काच शहरात आली म्हणून तो प्रकाशाकडे वळला, असे मला वाटते. मेणबत्तीच्या शहरात रात्रीचा अंधार एकसारखा असतो. वायूच्या दिव्याने त्याला कडा आणल्या.

आता तुमच्या उत्तराचे चित्र. १८७९ चे 'ताकानावा उशिमाची, धूसर चांदण्यात'. तोच समुद्रातला बांध, ढगाळ चंद्रप्रकाश, आणि चित्रभर आडवी जाणारी काळी गाडी. डब्यांच्या खिडक्यांत उजेड, धुराड्याच्या धुरावर तांबूस झाक. पाहणारा जमाव नाही. गाडी आता रोजची झाली आहे आणि तरीही एकटी दिसते.

१८८१ च्या जानेवारीत तोक्योतल्या र्‍योगोकुची मोठी आग लागली. कियोचिका वही घेऊन ज्वाळा काढत फिरला आणि तेवढ्यात त्याचे स्वतःचे घर जळाले. त्याच वर्षी ही मालिका संपली; पुढे तो व्यंगचित्रांकडे गेला, आणि १८९४-९५ च्या चीनशी झालेल्या युद्धात शोधदिव्यांच्या झोताची चित्रे काढून परत आला. त्या युद्धाने ठसाचित्रांना शेवटची मोठी मागणी मिळवून दिली. दहा वर्षांनी रशियाशी युद्ध झाले तेव्हा लोक छायाचित्रे विकत घेत होते.

ठसेवाली

सायंप्रकाश यांनी लिहिलेले सारे मान्य, पण परळशेड यांच्यापासून एक गोष्ट लपवणे योग्य होणार नाही. त्या १८७९ च्या चित्रातले इंजिन शिंबाशी मार्गावरचे नाही. ते अमेरिकी घडणीचे आहे, आणि अमेरिकी इंजिने जपानमध्ये, तीही दूर होक्काइदोमध्ये, १८८० साली आली. म्हणजे गाडी त्याच्याच शहरातून धावत असताना, तोक्योला परतून पाच वर्षे झाल्यानंतर, कियोचिकाने इंजिन घेतले ते परदेशी छापील चित्रावरून. हे विद्यार्थ्यांना सांगितले की त्यांचा विरस होतो. माझा होत नाही. लहान ब्रिटिश टँक इंजिनाची आकृती अंधारात एखाद्या पेटीसारखी बसकी दिसली असती. त्याला रात्रीत घुसणारी लांब काळी आकृती हवी होती आणि ती त्याने जेथे मिळाली तेथून उचलली.

सायंप्रकाश

हे मी जाणूनबुजून टाळले होते, पकडलेत. तरी भर एवढीच घालतो की योशिकाझुच्या उसनवारीत आणि या उसनवारीत फरक आहे. एकाकडे दुसरे साधन नव्हते. दुसऱ्याने शहरात दिसणारे सोडून हे निवडले.

परळशेड

मुलीला सांगून ते चित्र पडद्यावर मोठे करून पाहिले. ठसेवाली, तुमचे बरोबर आहे. आमच्या साहेबांनी असे इंजिन त्या मार्गावर काढलेले पाहिले असते तर चार्जशीट दिली असती.

पण वाफेच्या इंजिनावर रात्रपाळी केलेला माणूस म्हणून सांगतो, तो धूर बरोबर आहे. फायरमन भट्टीचे दार उघडून कोळसा टाकतो तेव्हा उजेड वर उसळतो, डोक्यावरच्या धुराला आणि वाफेला खालून तांबूस रंग येतो, आणि दार लागले की तो क्षणात विझतो. तो रंग लांबून, अंधारात उभे राहूनच दिसतो. इंजिनाच्या जवळ असलेल्याला दिसत नाही. आम्हाला तो दिसे तो शेजारच्या रुळावरून जाणाऱ्या गाडीचा. परदेशी साप्ताहिकातल्या काळ्या रेघांत तो असणे शक्य नाही.

व्हल्कनचे ते पहिले इंजिन सध्या ओमियाच्या रेल्वे संग्रहालयात आहे असे मुलगी सांगते. पुढच्या खेपेला जाईन तेव्हा चाके मोजून येथे कळवतो.